तांब्याचा पत्रा किती छाप सोसतो? युरोपातली छापचित्रं, पत्र्याच्या बाजूने

ताम्रपत्री (मूळ लेख)

युरोपातल्या छापचित्रांचा इतिहास सांगताना ड्यूरर, रेम्ब्रां, गोया, तूलूझ-लोत्रेक अशी नावं ओळीने घेतली जातात. नावं बरोबरच आहेत. पण या माणसांनी त्या त्या काळात तेच तंत्र का धरलं, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी एकच प्रश्न धरून बसावं: हा ठसा, हा पत्रा झिजायच्या आत किती चांगले छाप देतो? रेषेची जात, किंमत, नकला, मालकीची भांडणं, बरंचसं तिथूनच निघतं.

लाकडाचं थोडक्यात उरकतो. इ. स. १४०० च्या आसपास जर्मन भाषक मुलखात कागदावर वुडकट छापले जाऊ लागले. न्युरेम्बर्गला उलमान श्ट्रोमरची कागद गिरणी १३९० मध्ये सुरू झाली होती. कागद स्वस्त झाल्याशिवाय हा धंदा उभाच राहिला नसता. खेळायचे पत्ते आणि संतांची चित्रं हा मुख्य माल, रंग वरून हाताने भरलेले. बुक्सहाइमच्या मठात सापडलेला सेंट ख्रिस्तोफर (सध्या मँचेस्टरला) याच्यावर १४२३ साल आहे. वुडकटमध्ये रेषा तेवढी ठेवायची आणि आजूबाजूचं लाकूड कोरून काढायचं. उंच राहिलेल्या रेषेला शाई लागते, दाब बेताचा पुरतो, त्यामुळे चांगला ठसा हजारो छाप देतो. शिवाय अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसतो. पुस्तकवाल्यांना तो सोयीचा पडला तो याच कारणाने.

तांब्याचं गणित उलटं. इथे शाई खाचेत भरायची, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा, आणि ओला कागद एवढ्या दाबाने बसवायचा की तो खाचेत शिरून शाई उचलून आणेल. हे काम सोनारांच्या दुकानांतून आलं. १४३० च्या दशकात ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यात एक कारागीर पत्त्यांची चित्रं कोरत होता. नाव माहीत नाही, म्हणून त्याला ‘पत्त्यांचा मास्टर’ म्हणतात. साल घातलेलं सर्वांत जुनं एनग्रेव्हिंग (हत्याराने तांब्यात कोरून छापलेलं चित्र) १४४६ चं. कोल्मारचा मार्टिन शोनगाउअर सोनाराचा मुलगा, न्युरेम्बर्गचा ड्यूररही सोनाराचा मुलगा. १४९२ मध्ये ड्यूरर शोनगाउअरला भेटायला कोल्मारला पोचला, तेव्हा तो वारून वर्ष उलटलं होतं.

हत्यार म्हणजे ब्युरिन: चौकोनी पोलादी सळई, टोक साधारण ४५ अंशांत तिरकं घासलेलं, मागे तळहातात बसणारी, एका बाजूने सपाट केलेली लाकडी मूठ. सपाट अशासाठी की हत्यार पत्र्याला जवळजवळ आडवं टेकवता आलं पाहिजे. पत्रा वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवतात. वळणदार रेष काढताना हत्याराचा हात जवळपास स्थिर असतो. दुसरा हात पत्रा फिरवतो. पुढे तांब्याचा बारीक सुरळा निघत जातो, आणि खाचेच्या दोन्ही कडांना जी बर (धातूची खरखरीत कड) उभी राहते ती स्क्रेपरने साफ काढतात. म्हणून एनग्रेव्हिंगची रेष इतकी थंड आणि स्वच्छ दिसते.

ड्यूररच्या ‘आदम आणि ईव्ह’चे (१५०४) अर्धवट अवस्थेतले चाचणी छाप शिल्लक आहेत. त्यात मागचं जंगल जवळपास पूर्ण आहे आणि दोन्ही माणसं नुसत्या बाह्यरेषेत, कोरी. आधी सगळीकडे हलकं, मग सगळीकडे गडद अशी त्याची रीत नव्हती. तो एक तुकडा पुरा करूनच पुढच्याकडे वळायचा. ‘शूरवीर, मृत्यू आणि सैतान’ (१५१३) आणि ‘मेलेंकोलिया’ (१५१४) समोर ठेवून भिंग लावलं, तर करड्याच्या किती छटा नुसत्या रेषांच्या गर्दीवर उभ्या आहेत ते दिसतं.

असा पत्रा पहिले दोनेकशे छाप उत्तम देतो. मग नाजूक रेषा फिकट होत जातात. पुन्हा कोरून घेतला तर हजाराच्या पुढेही रेटता येतो, पण ते चित्र आता पहिलं राहिलेलं नसतं. झीज फक्त रोलरच्या दाबाने होत नाही. दर छापाला शाई पुसताना कापड आणि तळवा तांब्यावर घासला जातो, निम्मं नुकसान तिथेच.

बोरूबहाद्दर

उत्तम धागा. दोन प्रश्न. ड्यूररने वुडकटचे ठसे स्वतः कोरले का? आणि संग्रहालयात काचेपलीकडून वुडकट कुठलं, एनग्रेव्हिंग कुठलं, एचिंग कुठलं हे ओळखायचं कसं?

ताम्रपत्री

बहुतेक ठसे त्याने स्वतः कोरलेले नाहीत. फळीवर रेखाटन चित्रकाराचं आणि कोरणं ठसेकोऱ्यांचं, अशी वाटणी रूढ होती. सम्राट माक्सिमिलियनसाठी केलेली ‘विजयकमान’ घ्या: १९५ ठसे, ३६ मोठे कागद, जोडल्यावर साडेतीन मीटर उंची. न्युरेम्बर्गच्या हिएरोनिमुस आंद्रेएच्या कारखान्याने ते कोरले. ‘अपोकॅलिप्स’चे (१४९८) १५ वुडकट ड्यूररने स्वतःच प्रकाशित केले, लॅटिन आणि जर्मन अशा दोन आवृत्त्यांत. चित्रकाराने स्वतःच प्रकाशक होणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

ओळखायचं असं. चित्राभोवती कागदात दबलेली चौकट दिसली की पत्र्याचा छाप; वुडकटला ती नसते. एनग्रेव्हिंगची रेष सुरुवातीला निमुळती, मध्ये फुगलेली, शेवटी पुन्हा निमुळती, कारण हत्यार तांब्यात शिरतं आणि बाहेर येतं. एचिंगची (म्हणजे अम्लाने खाल्लेली) रेष दोन्ही टोकांना बोथट आणि बहुतेक एकाच जाडीची, कडा किंचित खडबडीत. वुडकटच्या रेषेच्या कडेला शाई दाबाने बाहेर ढकलली गेल्याची गडद किनार दिसते. ड्रायपॉइंटची (सुईने तांबं थेट ओरबाडून काढलेली) रेष मखमली, एका बाजूला धुरकट. काचेपलीकडून एवढं पुरतं.

फुगणाऱ्या रेषेचा कळस पाहायचा तर हार्लेमचा हेंड्रिक गोल्ट्झियस बघा, आणि त्याच्याही पुढे क्लोद मेलाँ. मेलाँने १६४९ मध्ये रुमालावर उमटलेला येशूचा चेहरा कोरला, तो एका रेषेत. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच रेष गोल गोल बाहेर जाते, आणि फक्त तिची जाडी कमीजास्त करून डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट सगळं उभं राहतं. कला म्हणून थोडं कसरतीचं वाटतं खरं. पण हातावर ताबा म्हणजे काय, ते तिथे कळतं.

तेजाब

एचिंगचं मी लिहितो, ते नाव धारण केल्याचं ऋण आहे.

अम्लाने धातू खाण्याची युक्ती चिलखतं सजवणाऱ्यांची. आउग्सबुर्गचा डानिएल हॉपफर हेच काम करायचा, आणि १५०० च्या सुमारास त्याने तीच रीत कागदावर छापण्यासाठी वापरली. साल घातलेलं पहिलं एचिंग उर्स ग्राफचं, १५१३. ड्यूररने १५१५ ते १५१८ मध्ये सहा एचिंग केली आणि सोडून दिलं. कारण पत्रा लोखंडाचा. अम्ल लोखंडाला एकसारखं खात नाही, रेष जाड आणि दातेरी येते, आणि पत्रा ठेवला की गंजतो. त्याच्या ‘तोफेचा देखावा’च्या (१५१८) मागाहून काढलेल्या छापांत गंजाचे डाग चक्क छापले गेलेत. १५२० मध्ये लुकास फान लेडनने माक्सिमिलियनचं चित्र तांब्यावर एचिंग आणि ब्युरिन मिळून केलं, तिथून तांब्याचा रस्ता खुला झाला.

खरी क्रांती जाक कालोची. तो नान्सीचा, शिकला फ्लॉरेन्समध्ये. जुनं मेणाचं अस्तर मऊ असायचं. हात टेकला की पापुद्रा सुटायचा आणि अम्ल नको तिथे शिरायचं. कालोने वीणेसारखी वाद्यं बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश वापरलं. त्यावर हात ठेवून काम करता येतं आणि रेष तुटत नाही. दुसरं म्हणजे त्याची एशॉप: टोक तिरपं कापलेली गोल सळई. ती बोटांत फिरवली की रेष जाड-बारीक होते, म्हणजे एचिंगमध्ये एनग्रेव्हिंगची फुगणारी रेष मिळते. तिसरं, टप्प्याटप्प्याने खाणं. आधी सगळ्या रेषा थोडा वेळ अम्लात, मग दूरच्या फिकट भागावर व्हार्निश फासून तो बंद, मग पुन्हा अम्ल. इम्प्रुनेताच्या जत्रेच्या एका पत्र्यावर (१६२०) हजाराहून अधिक माणसं आहेत आणि दूरची माणसं खरोखर दूर वाटतात, ती यामुळे. ‘युद्धाच्या यातना’ (१६३३) ही त्याची १८ चित्रांची मालिका तर तळहाताएवढ्या उंचीची आहे. फाशी गेलेल्यांनी लगडलेलं झाड बघायला भिंग लागतं.

१६४५ मध्ये पॅरिसच्या अब्राहम बॉसने ही सगळी विद्या पुस्तकात मांडली. त्याच्या अम्लात व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि तांब्याचा हिरवा गंज होता. उकळून, थंड करून पत्र्यावरून पुन्हा पुन्हा ओतायचं. नायट्रिकपेक्षा हे सौम्य, कडक व्हार्निश त्यात टिकायचं. छापखान्याचं त्याचं चित्रही आहे: एकजण शाई लावतोय, एकजण तळव्याने पत्रा पुसतोय, आणि तिसरा चाकाच्या एका आरीवर पाय देऊन दुसरी हातांनी ओढतोय. वर दोऱ्यांवर छाप वाळत घातलेत. यंत्र म्हणजे आपल्या रसवंतीचा चरकच, उसाच्या जागी फळी.

शेवंती

रेम्ब्रांबद्दल लिहा ना कुणीतरी. त्याच्या एकाच चित्राचे ‘पहिली अवस्था’, ‘चौथी अवस्था’ असे उल्लेख येतात आणि किमतीत जमीनअस्मानाचा फरक. हे नक्की काय असतं?

ताम्रपत्री

शेवंतीताई, पत्र्यावर काहीही बदल करून पुन्हा छाप काढले की नवी अवस्था. एक रेष वाढवली तरी अवस्था, अर्धा पत्रा खरवडला तरी अवस्था. नुसत्या झिजेने अवस्था बदलत नाही, ती फक्त छापाची प्रत खालावते.

रेम्ब्रांची तीनशेच्या आसपास एचिंग आहेत. त्याचं अस्तर मऊ होतं, कालोसारखं कडक नव्हे. सुई कागदावरच्या लेखणीसारखी पळते म्हणून रेष इतकी मोकळी. पण त्याचं वेगळेपण ड्रायपॉइंटमध्ये. यात अम्ल नाही. टोकदार सुईने तांबं थेट ओरबाडायचं. धातू बाहेर न निघता कडेला ढेकळासारखा उभा राहतो, आणि ही बर काढायची नाही. शाई खाचेपेक्षा तिच्यातच जास्त अडकते आणि कागदावर ती मखमली काळोखी उतरते. अडचण अशी की बर नाजूक असते. दाबाखाली पहिल्या दहा-पंधरा छापांतच ती आडवी पडायला लागते, पन्नासाच्या आसपास उरते ती नुसती बारीक रेष.

आता ‘तीन क्रूस’ (१६५३) बघा. जवळजवळ ३८ बाय ४५ सेंटिमीटरचा पत्रा, काम मुख्यतः ड्रायपॉइंटचं. पहिल्या तीन अवस्थांत वरून प्रकाशाचा झोत पडतोय, खाली गर्दी, माणसं ओळखू येतात. तिसऱ्या अवस्थेत सही आणि साल. मग पत्रा झिजला. दुसरा कुणी असता तर त्याच रेषा पुन्हा ओरबाडून घेतल्या असत्या. रेम्ब्रांने स्क्रेपरने माणसंच्या माणसं खरवडली, ओपणीने घासून जागा गुळगुळीत केली, आणि उंच टोपीचा एक घोडेस्वार घातला, जो पिसानेल्लोच्या एका पदकावरून उचललेला आहे. मग सरळ रेषांचे फटके मारून अर्धं चित्र अंधारात बुडवलं. चौथ्या अवस्थेत तिसरीतल्या माणसांची भुतं अजून दिसतात, कारण खरवडणं पुरतं झालेलं नाही. झिजलेला पत्रा वाचवायला बसला आणि वेगळंच चित्र करून उठला. पाचवी अवस्था त्याच्या नंतरची. त्यात प्रकाशक फ्रान्स कारेलसेचं नाव कोरलंय.

१६५५ च्या ‘लोकांसमोर येशू’त तर पुढची सगळी गर्दी खरवडून टाकून तिथे दोन कमानी आल्या. आठ अवस्था आहेत.

कागदाचंही तेच. १६४७ च्या सुमारापासून तो जपानी कागद वापरू लागला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. गुळगुळीत, किंचित पिवळसर, आणि मऊ असल्यामुळे कमी दाबात शाई उचलणारा. म्हणजे बर थोडी जास्त टिकते. ‘तीन क्रूस’चे काही सुरुवातीचे छाप चर्मपत्रावर आहेत, ते शाई शोषत नाही, रेष थोडी पसरते, काळा रंग जडशीळ होतो. शिवाय पत्रा पुरता न पुसता शाईचा पातळ थर मुद्दाम ठेवायचा, त्यामुळे एकाच अवस्थेचे दोन छाप शेजारी ठेवले तर एक दुपार वाटतो, दुसरा संध्याकाळ.

निळीशाई

घरी किंवा छोट्या स्टुडिओत एचिंग करायचं तर आजच्या हिशेबाने काय घ्यावं? नायट्रिकची भीती वाटते.

तेजाब

वाटायलाच हवी. तांब्याला नायट्रिक लागतच नाही, फेरिक क्लोराइड घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डांसाठी मिळतं तेच.

पत्रा १ ते १.२ मिलिमीटर जाड. कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा, मग ओपणीने घासा. हे टाळलं तर कागद आणि फेल्ट (यंत्रात कागदावर घालायचं जाड लोकरी कापड) दोन्ही कापले जातात आणि कडेत शाई अडकून घाणेरडी चौकट छापली जाते. पत्रा खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून घासा. नळाखाली धरल्यावर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला, थेंब गोळा झाले नाहीत, की तेल गेलं समजा. या पायरीत घाई केली की अस्तर अम्लात सुटतं. निम्मे पत्रे इथेच वाया जातात.

अस्तर: मधमाशांचं मेण २ भाग, ॲस्फाल्टम (डांबरासारखा काळा पदार्थ) २ भाग, राळ १ भाग, वजनाने. मंद आचेवर वितळवून पाण्यात ओतून गोळे करतात. पत्रा गरम करून गोळा फिरवायचा आणि रोलरने पातळ पसरायचा. उन्हाळ्यात मेण थोडं कमी करा, नाहीतर अस्तर चिकट राहतं आणि हाताचे ठसे उमटतात. मग पत्रा उलटा टांगून मेणबत्तीच्या धुराने काळा करायचा, म्हणजे सुईची रेष तांबूस चमकते. ज्योत एका जागी ठेवू नका, अस्तर करपून ठिसूळ होतं. सुईने फक्त अस्तर उघडायचं, तांबं खोदायचं नाही.

फेरिक क्लोराइड ४० अंश बोमेचं हवं, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.३८. पत्र्याची पाठ टेप लावून बंद करा. पत्रा उभा टाकीत किंवा पालथा ठेवा. सरळ ठेवला तर तयार होणारा गाळ खाचेत बसतो आणि खाणं थांबतं. २० अंश तापमानाला फिकट रेष साधारण १० मिनिटांत, मध्यम ३० मध्ये, गडद तासाभरात. मुंबईच्या मे महिन्यात हे आकडे निम्म्यावर येऊ शकतात. म्हणून त्याच तांब्याच्या तुकड्यावर ५, १०, २०, ४० मिनिटांची पट्टी आधी काढून ठेवा. नायट्रिक बुडबुडे सोडतं आणि ते पिसाने हलवत बसावं लागतं. शिवाय खाचेच्या बाजूंना खातं, रेष रुंदावते. फेरिक सरळ खाली जातं.

जस्ताच्या पत्र्याला फेरिक वापरू नका. तिथे एक लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम मीठ. लालसर तांब्याचा गाळ वर येतो, तो ब्रशने हलकेच बाजूला करत राहायचं. ॲल्युमिनियम फेरिकमध्ये चुकूनही घालू नका, उकळी फुटल्यासारखं तापतं. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं असतं. धुण्याचा सोडा घालून फसफस थांबेपर्यंत मारा आणि गाळ वेगळा काढा. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हे सांगायला नकोच.

निळीशाई

आणि छापताना? माझे छाप करडे येतात, रेष तुटक.

तेजाब

तुटक रेषेची कारणं बहुधा तीन. कागद कोरडा, दाब कमी, किंवा शाई खाचेत पोचलेलीच नाही.

कागद सुती, २५० ते ३०० जीएसएमचा. अर्धा ते एक तास पाण्यात, मग टिपकागदांत दाबून ठेवा. वर पाणी चमकत असेल तर जास्त ओला. शाई नाकारतो आणि रेषेभोवती पांढरे ठिपके येतात. हाताला गार लागावा पण चमकू नये.

पत्रा हाताला सोसेल इतपत कोमट करा. उकळलेल्या जवसाच्या तेलातली शाई गार पत्र्यावर ताठ असते, खाचेत जात नाही. ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने दाबून भरायची, दोन दिशांनी. मग खळ असलेली जाळीदार मलमल चपट्या गोळ्यासारखी धरून गोल फिरवत पुसायचं. मऊ फडकं घेतलंत तर ते खाचेत शिरून शाई काढतं, आणि मग रेष फिकट आली म्हणून पत्र्याला दोष. शेवटी तळव्याला किंचित खडूची पूड लावून हलके फटके. सगळीकडून करडेपणा येतोय म्हणजे पुसणं कमी पडतंय. कडा वेगळ्या पुसा.

यंत्रावर फेल्टचे तीन थर. कागदाला लागणारा पातळ, तो कागदाची खळ आणि ओल घेतो, म्हणून रोज बदलून वाळवायचा. वर जाड, त्यावर घट्ट. दोन्ही टोकांचे स्क्रू सारखे आवळलेत का बघा. एका बाजूला चित्र गडद आणि दुसरीकडे फिकट असेल, किंवा कागदाला तिरकी घडी पडत असेल, तर दोष तिथे आहे.

बोरूबहाद्दर

गोयाचा धूसर काळोख रेषेतून आलेला वाटत नाही. ते कसं?

ताम्रपत्री

ॲक्वाटिंट, म्हणजे अम्लानेच पण रेषेऐवजी दाणेदार सलग छटा. १७६० च्या दशकात फ्रान्समध्ये ल प्रँसने ती रीत बसवली. बंद पेटीत राळेची बारीक पूड उडवायची, मोठे कण खाली बसायला अर्धा मिनिट द्यायचं, मग पत्रा आत सरकवायचा. पाच-दहा मिनिटांत पुडीचा थर बसतो. साधारण निम्मं तांबं झाकलेलं हवं. खालून आच द्यायची. कण पांढरट असतात ते पारदर्शक झाले की लगेच थांबायचं. जास्त तापलं तर कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि अम्ल शिरतच नाही. कमी तापलं तर कण अम्लात निघून जातात आणि डाग पडतात. आणि हवेत राळ उडत असताना जवळपास ज्योत नको, ती पूड पेट घेते.

मग पांढरं हवं तिथे व्हार्निश, फेरिकमध्ये १ मिनिट, पुढची छटा बंद, एकूण २, मग ४, ८, १६. वेळ दुप्पट करत नेली तरच डोळ्याला छटा समान अंतराने चढताना दिसतात. समान वेळ वाढवत नेलात तर गडद छटा एकमेकींत हरवतात.

गोयाचे ‘काप्रिचोस’, ८० चित्रं, ६ फेब्रुवारी १७९९ ला माद्रिदच्या ‘दियारिओ’त जाहिरात देऊन विक्रीला आले. विक्री कुठे, तर काये देल देसेंगान्योमधल्या अत्तर आणि मद्याच्या दुकानात. २७ संच खपले. १८०३ मध्ये त्याने पत्रे आणि उरलेले २४० संच राजाला देऊन मुलासाठी निवृत्तिवेतन मिळवलं. ते पत्रे पुढे माद्रिदच्या राष्ट्रीय कालकोग्राफियात (कोरलेल्या पत्र्यांच्या संग्रहात) गेले आणि १९३७ पर्यंत त्यांच्या एकूण बारा आवृत्त्या निघाल्या. ३२ क्रमांकाचं चित्र, तुरुंगातली बाई, यात एचिंगची रेष नाहीच, सगळं ॲक्वाटिंट. पहिल्या आवृत्तीत तिच्यामागचा काळोख दाणेदार आणि खोल आहे. शेवटच्या आवृत्त्यांत तो धुऊन निघाल्यासारखा, कारण ॲक्वाटिंटच्या खाचा उथळ असतात आणि रेषेच्या कितीतरी आधी झिजतात. पुस्तकातलं छायाचित्र कुठल्या आवृत्तीवरून घेतलंय ते पाहूनच गोयाबद्दल मत बनवावं.

मिरजमळा

ॲक्वाटिंटचा आपल्याकडचा एक धागा जोडतो. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं करून ठेवून १७९५ मध्ये वारला. टॉमस डॅनियलने लंडनला त्यांवरून वेरूळचा मोठा संच १८०३ मध्ये काढला. लेण्यांतला अंधार-उजेड नुसत्या रेषेने जमला नसता.

आणि तांब्यावर कोरून छापण्याचा इकडचा प्रयत्नही आहे. नानांच्या मनात गीता छापायचं होतं. त्यासाठी पुण्यात एका तांबटाला पत्र्यांवर अक्षरं कोरायला बसवलं होतं. नाना १८०० मध्ये गेले आणि काम मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पूर्ण झालं.

शिळाछापाचा उल्लेखच आला नाही अजून!

तेजाब

शिळाछापात पत्राच नाही, म्हणून मागे राहिला. म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डरने १७९६ ते १७९८ च्या दरम्यान तो बसवला. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडक, तेलकट खडूने चित्र, वर डिंकाच्या पाण्यात नायट्रिकचे थेंब टाकून हात. दगड ओला करून तेलकट शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त चित्राला धरते. खाच नाही, बर नाही, त्यामुळे झीज फारच कमी. फ्रेंच व्यंगचित्रकार दोमियेने चार हजारांच्या आसपास लिथोग्राफ (शिळाछाप) केले, बरेचसे वर्तमानपत्रांसाठी. पुण्याची चित्रशाळा (१८७८) आणि रविवर्म्याचा छापखाना (१८९४, आधी मुंबई, मग मळवली) याच घराण्यातले. मळवलीला तर फ्रिट्झ श्लायखर हा जर्मन तंत्रज्ञच पुढे मालक झाला. पण रंगीत शिळाछापाला वेगळा धागा हवा, एकेका रंगाला एकेक दगड आणि त्यांची जुळणी हा प्रचंड विषय आहे.

शेवंती

मग १/५० असे आकडे पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत कधीची? आणि लिलावात ‘रेम्ब्रां, मागाहून काढलेला छाप’ असं दिसलं तर काय समजायचं?

ताम्रपत्री

आकडे अगदी अलीकडचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १८५० च्या दशकात तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवायची रीत पॅरिसमध्ये आली. थर झिजला की काढून पुन्हा चढवायचा, पत्रा हजारो छाप देतो. म्हणजे टंचाई जी आधी धातूच ठरवायचा ती आता माणसाने ठरवायची वेळ आली. मर्यादित आवृत्ती, क्रमांक, पेन्सिलीची सही (व्हिसलर आणि सेमूर हेडन या एचिंगकारांनी ती रूढ केली), आणि शेवटी पत्र्यावर आडवी रेघ ओरबाडून तो रद्द करणं, हे सगळं त्यानंतर स्थिरावलं. १/५० मधला १ म्हणजे पहिला निघालेला छाप असंही नसतं. वाळल्यावर गठ्ठ्यातून हाताला येईल त्या क्रमाने सही होते. तेव्हा लहान आकड्याला जास्त पैसे मोजू नका.

रेम्ब्रांचे सत्तर-ऐंशी मूळ पत्रे टिकले आहेत. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बाझाँ या व्यापाऱ्याकडे त्यांतले बरेच होते; त्याने ते डागडुजी करून पुन्हा छापले, त्याच्या पुढच्या मालकांनीही छापले. हे छाप मूळ पत्र्याचेच, खोटे नाहीत, पण बर कधीच गेलेली आणि काही ठिकाणी रेषा दुसऱ्याच्या हाताच्या. ‘शंभर गिल्डर’ चित्राचा पत्रा तर १७७५ मध्ये कॅप्टन विल्यम बेलीने विकत घेतला, पुन्हा कोरला, काही छाप काढले आणि कापून त्याचे चार तुकडे केले, तेही वेगवेगळे छापले.

कागद उजेडासमोर धरून बघायला मिळाला तर बघा. रेम्ब्रांच्या काळच्या युरोपीय कागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेघा दिसतात, आणि नशीब असेल तर विदूषकाची टोपी किंवा आम्स्टरडॅमचं चिन्ह असा जलछाप. रेघा नसलेला सपाट पोताचा युरोपीय कागद १७५७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वापरात आला. त्यावरचा छाप रेम्ब्रांच्या हयातीतला असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो.